आपला शाहीर आयर्लंडला गेला त्याची गोष्ट

एप्रिल जवळ आला की कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथपासून ठाण्याच्या कोपरी-लोकमान्यनगरपर्यंत आपल्या वस्त्यांत वर्गणीची पुस्तके निघतात. कार्यकर्ते दारोदार फिरतात आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न येतो, "यंदा गायक कोण?" नाव सांगितले की दुसरा प्रश्न तयार असतो, "बिदागी किती?" अलीकडे त्याला तिसरा प्रश्न जोडला गेला आहे, "फॉरेनला जाऊन आलाय का?" परदेशात एखादा कार्यक्रम झाला की बॅनरवर तसे छापले जाते आणि बिदागीचा आकडाही वाढतो. यात हसण्यासारखे आहे, पण नुसते हसून सोडण्यासारखे नाही. आपल्या गाण्याला आपण घरात जी किंमत देत नाही ती बाहेरच्या शिक्क्याने का मिळावी, हे जरा बसून बोलण्याचे प्रकरण आहे.

१९८३ साल म्हटले की लॉर्ड्सच्या मैदानावर कपिल देवच्या संघाने जिंकलेला विश्वचषक पोराबाळांनाही आठवतो. त्याच वर्षी आयर्लंडच्या कॉर्क शहरात आंतरराष्ट्रीय लोकसंगीत व लोककला महोत्सव भरला होता. तिथे भारताच्या वतीने उभा राहिला तो आपला माणूस, शाहीर विठ्ठल उमप. पहिले बक्षीस त्यांनी आणले. विश्वचषकाचे फोटो घराघरात लागले. शाहिरांचे ते बक्षीस किती घरांना माहीत आहे? आम्ही ओळखीच्या घरांत विचारून पाहिले. वयस्कर मंडळींनी मान डोलावली, तरुणांनी विचारले, "ते सिनेमातले आजोबा ना?"

होय, तेच ते. 'टिंग्या', 'जोगवा', 'विहीर' या चित्रपटांत जे म्हातारे चेहरे लक्षात राहिले त्यांतला एक त्यांचा. पण सिनेमा त्यांच्याकडे आला तो आयुष्याच्या शेवटी. जन्म १५ जुलै १९३१ चा, मुंबईच्या नायगावातला. गिरण्यांचे भोंगे, चाळीचे जिने, भजनी मंडळे, कोळीवाड्यांतून येणारी गाणी आणि बाबासाहेबांच्या चळवळीचे जलसे, या सगळ्यांत वाढलेले हे पोर. म्हणून त्यांच्या गळ्यात कोळीगीतही होते, गवळणही होती, पोवाडा होता, कव्वाली होती आणि भीमगीत तर होतेच. 'जांभूळ आख्यान'मध्ये तर हा उतारवयातला पुरुष अंगावर लुगडे घेऊन द्रौपदी होत असे आणि कर्णावर जडलेले मन असे काही उलगडून दाखवी की समोरचा प्रेक्षक त्याच्या मिशा-वय सगळे विसरून जाई. असा माणूस परक्या भाषेच्या देशात जाऊन लोकांना कसा काय कळला असेल, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर एवढेच की, ज्याला चाळीच्या गॅलरीत, रस्त्यावर, लाऊडस्पीकर बिघडलेला असताना श्रोता धरून ठेवता येतो त्याला कुठेही धरता येतो.

आता कॉर्कविषयी थोडे. वाचकहो, हे शहर आयर्लंडच्या दक्षिणेला, ली नावाच्या नदीवर वसलेले बंदर आहे. आपल्यासारखाच त्या देशानेही इंग्रजांचा अंमल सोसला. तिथले एक वाद्य आहे, त्याला साधारण 'बाउरान' असे म्हणतात. लाकडाचे गोल कडे, एका बाजूला बकऱ्याचे कातडे ताणून बसवलेले, दुसरी बाजू उघडी. डाव्या हाताचा पंजा आतून कातड्याला लावून सूर वर-खाली करायचा आणि उजव्या हातातल्या आखूड काडीने वाजवायचे. वर्णन वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहिले? आपला डफच की! हलगी त्याहून लहान, तिला दोन काड्या, एक जाड आणि एक बारीक, पण कुळी तीच. थंडी-पावसात कातडे सैल पडले की आपण शेकोटीपुढे धरतो, तसे तिकडचे वादकही जाळापुढे धरत आले आहेत.

गंमत पुढे आहे. हे बाउरान फार दिवस मैफलीत बसवण्याच्या लायकीचे मानले जात नव्हते. २६ डिसेंबरच्या सणाला पोरे सोंगे घेऊन, ते बडवत घरोघर पैसे मागत फिरत, तेवढेच त्याचे काम. त्याला मैफलीत आणले सॉन ओ रिआदा या संगीतकाराने, १९६० च्या सुमारास. हा गृहस्थ कॉर्कमध्येच जन्मलेला आणि पुढे तिथल्याच विद्यापीठात संगीत शिकवणारा. जन्म १ ऑगस्ट १९३१. म्हणजे आपल्या उमपांहून अवघा सतरा दिवसांनी लहान. त्याने आपल्या वाद्यवृंदात हे गावठी वाद्य मधोमध आणले आणि पाहता पाहता ते त्या देशाची ओळख बनले. १९७१ मध्ये तो वारला, त्यामुळे दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पण एका माणसाने चामड्याच्या वाद्याला मान मिळवून दिलेल्या शहरात बारा वर्षांनी आपला शाहीर बक्षीस घेतो, हा योगायोग आम्हाला फार मोलाचा वाटतो.

कारण आपल्याकडे चामड्याच्या वाद्याची गोष्ट निराळी आहे. तिकडे बकऱ्याच्या कातड्याला हात लावल्याने कुणी बाटत नाही. इकडे ढोर ओढणे, कातडे कमावणे, हलगी बडवणे, दवंडी पिटणे ही कामे जन्माने अंगावर टाकलेली. गावच्या लग्नात वाजवायला पुढे आणि जेवायला सगळ्यांच्या मागे, तेही उकिरड्याच्या कडेला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा असे बजावले. पुढे १९५६ नंतर कितीतरी गावांत आपल्या लोकांनी गावकीची वाजंत्री नाकारली आणि त्यापायी बहिष्कार सोसले. म्हणून आपल्या घरांत आजही दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, हलगी हे गुलामीचे वाद्य, ते फेकलेच पाहिजे. दुसरे म्हणते, ज्या हातांनी ती लाचारीने वाजवली त्याच हातांनी ती आता मिरवणुकीच्या पुढे ताठ मानेने वाजावी. आमचे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. पण पहिल्या मताच्या म्हाताऱ्यांना आम्ही कधीच हसणार नाही, कारण ते वाद्य कुणाच्या दारात उभे राहून वाजवावे लागे हे त्यांनी पाहिले आहे.

परदेशातला रंगमंच हा प्रश्न सोडवत नाही, एक गोष्ट मात्र करतो. तिथे समोर बसलेल्याला आडनावावरून जात कळत नाही. त्याला फक्त ठेका ऐकू येतो. आमच्या ओळखीतल्या एका ढोलकीवाल्याने आम्हाला सांगितले होते, "साहेब, तिकडे कार्यक्रम झाल्यावर एक बाई येऊन माझे हात बघत होती. आपल्याकडे हात बघतात ते काय धंदा करतो ते ओळखायला."

तरीही तिकडचे सगळे सोन्याचे आहे असे समजू नका. आयर्लंडमध्येच 'ट्रॅव्हलर' म्हणून एक भटका समाज आहे. पूर्वी भांड्यांना कल्हई-डाग लावणे, घोडे विकणे हे त्यांचे धंदे. त्या देशाच्या पारंपरिक पाव्याचे आणि गाण्याचे मोठे धन याच लोकांनी सांभाळले, आणि याच लोकांना गावाबाहेर ठेवले गेले. त्यांना स्वतंत्र समाज म्हणून तिथल्या सरकारने मान्यता दिली ती २०१७ मध्ये! गाणे हवे पण गाणारा नको, ही रीत सातासमुद्रापारही आहे. हंगेरीत शायोकाझा नावाच्या गावी २००७ साली रोमा, म्हणजे तिथे जिप्सी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या लोकांनी, मुलांसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिले डॉ. आंबेडकरांचे. रोमांच्या सारंगी-व्हायोलिनवर सारा युरोप नाचला, पण त्यांची पोरे वर्गात वेगळी बसवली जात. त्यांना बाबासाहेब का जवळचे वाटले हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

आता उमपांच्या आधीचे सांगतो. आपल्या लोकांतून परदेशी जाणारा शाहीर म्हणून अण्णाभाऊ साठ्यांचे नाव पहिले घेतले पाहिजे. दीड दिवसाची शाळा, घाटकोपरच्या चिरागनगरची झोपडी, १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर काढलेले लाल बावटा कलापथक, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली हेही ठाऊक आहे. १९६१ साली ते सोव्हिएत रशियाला गेले आणि परत येऊन 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. तो गाण्याचा दौरा नव्हता, लेखक म्हणून गेले होते, कारण त्यांचे साहित्य त्यांच्या आधीच रशियन भाषेत पोचले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. पुतळ्याला हार घालायला मंत्री गेले. जिवंत असताना मात्र त्यांच्या छपरातून पाणी गळत होते, तिकडे वर्षानुवर्षे कुणाचे लक्ष गेले नाही.

वामनदादा कर्डकांचे नाव निघाले नाही तर ही गोष्ट अपुरी राहील, जरी त्यांचा संबंध परदेशाशी नसून साध्या एका पत्राशी आहे. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातले देशवंडी गाव. मुंबईत आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. चाळीत कुणीतरी गावाकडून आलेले पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता आले नाही. ती शरम इतकी लागली की माणूस दुकानांच्या पाट्या वाचत वाचत लिहायला शिकला आणि पुढे हजारो गाणी लिहून गेला. दौऱ्याच्या लेखात हे का, असे कुणी विचारील. परदेशी जायचा फॉर्म भरताना आपल्या कलावंताची जी दशा होते ती पाहिली की वामनदादांचे ते पत्रच आम्हाला आठवते.

सरकारी दौऱ्यांची रीत थोडक्यात अशी. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद ही संस्था १९५० पासून आहे. ती कलावंतांची यादी ठेवते आणि त्यातून पथके बाहेर पाठवते. ऐंशीच्या दशकात 'भारत महोत्सव' सुरू झाले. १९८२ ला ब्रिटन, १९८५-८६ ला अमेरिका आणि फ्रान्स, १९८७-८८ ला सोव्हिएत रशिया. खेड्यापाड्यांतले कितीतरी लोककलावंत तेव्हा पहिल्यांदा विमानात बसले. १९८२ मध्येच हबीब तन्वीर यांचे 'चरणदास चोर' हे छत्तीसगढी कलावंतांचे नाटक एडिंबरोला गाजले. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई पारधी समाजातल्या. त्यांनी देशोदेशी कार्यक्रम केले आणि २०१९ ला पद्मविभूषण मिळवले. हे सारे चांगले झाले. पण या याद्यांत नाव जायला अर्ज लागतो, ध्वनिचित्रफीत लागते, वृत्तपत्रांची कात्रणे लागतात आणि इंग्रजीत परिचय लिहावा लागतो. शहरातला नर्तनवर्ग चालवणारा माणूस हे एका दुपारी करून टाकतो. आंबिवलीच्या चाळीतला शाहीर कात्रणे कुठून आणील? त्याच्या कार्यक्रमाला वार्ताहर आला होता कधी?

कल्याणचे नाव घेतले की प्रल्हाद शिंद्यांचे नाव येणारच. १९३३ चा जन्म, मूळ मंगळवेढ्याकडचे, पण शिंदे घराणे म्हणजे कल्याणचे हे समीकरण सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आनंद-मिलिंद ही मुले आणि आदर्श-उत्कर्ष ही नातवंडे, अशा तीन पिढ्या गाण्यात. प्रल्हाददादांचा आवाज परदेशी पोचायला त्यांना पासपोर्ट लागला नाही. तो कॅसेटने पोचला. ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या, टेपरेकॉर्डर चाळीत आले. आखाती देशात वेल्डर, फिटर, पेंटर म्हणून गेलेल्या आपल्या पोरांच्या बॅगेत चटणीच्या डब्याशेजारी दोन-चार कॅसेटी असायच्याच. एकीत विठ्ठलाची गाणी, दुसरीत भीमगीते, तिसरीत कव्वालीचा मुकाबला. प्रल्हाददादा विठ्ठलाचे अभंगही गायले आणि भीमगीतेही, आणि दोन्हींच्या चाहत्यांनी त्यांना आपलेच मानले. कॅसेटच्या धंद्यात गाणाऱ्याच्या हाती एकदाच दिलेली रक्कम पडायची, पुढे लाखो खपल्या तरी त्याला वाटा नाही, ही तक्रार त्या काळच्या कितीतरी गायकांच्या घरी ऐकू येई. २००४ हे वर्ष आपल्याला फार वाईट गेले. मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाददादा.

ठाण्याची आणखी एक आठवण इथेच सांगून टाकतो. ठाण्यात १८७९ सालचे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. तिथले बेने इस्रायली, आपल्या तोंडचे शनिवार तेली, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. जाताना त्यांनी मराठी कीर्तन बरोबर नेले आणि तिकडे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही काढले. मॉरिशसला तर १८३४ नंतर मजूर म्हणून नेलेल्या कोकणातल्या लोकांनी आपला झाकडीचा नाच पिढ्यान्‌पिढ्या टिकवला. गाणे परदेशी न्यायला पहिल्यांदा कष्टकरीच गेला, कलावंत नंतर गेला.

आजचा दौरा वेगळा आहे. बोलावणारे सरकार नसते, आपलेच लोक असतात. शिकलेली पोरे आता अमेरिका, इंग्लंड, दुबईत नोकरीला आहेत. १४ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेत मेरीलँड राज्यात बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. जपानच्या कोयासान विद्यापीठात २०१५ पासून पुतळा आहे. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनच्या बुद्धविहारात पंजाबी समाजबांधवांनी आंबेडकर संग्रहालय केले आहे. अशा ठिकाणी जयंती म्हटली की गाणे हवेच. पण तिथे श्रोता नुसता मराठी नसतो. जालंधरचा पंजाबी असतो, हैदराबादचा तेलुगू असतो, तामिळ असतो. पंजाबच्या गिन्नी माहीसारखी मुलगी पंजाबीत बाबासाहेब गाते तेव्हा तिला तिकडच्या पंजाब्यांची मोठी वस्ती आयती मिळते. मराठी गायकाला मात्र दोन गाण्यांच्या मध्ये थांबून, चवदार तळे म्हणजे काय, रमाईने काय सोसले, हे हिंदी-इंग्रजीत सांगावे लागते. आमची आपल्या तरुण गायकांना विनंती आहे की हे निवेदन आधीच लिहून, पाठ करून ठेवा. तिथे उभे राहून सुचत नाही.

आणि घरबसल्या दौरा तर मोबाईलने सुरूच केला आहे. कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि त्यांचा आवाज ज्या देशांत त्या कधी गेल्या नाहीत तिथे ऐकला जातो. त्यातून त्यांना आणि त्यांच्यासारख्या बायांना किती पैसे मिळतात हे विचारले की पुन्हा कॅसेटवालीच गोष्ट निघते.

आता घरच्यांसाठी चार कामाच्या गोष्टी, कारण हे पान घरच्यांचे आहे. दौरा शाहिराचा असला तरी बरोबर ढोलकीवाला असतो, पेटीवाला असतो, कोरसला दोन बाया असतात. अडचण मुख्य गायकाला येत नाही, या मागच्या माणसांना येते. पहिली अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर 'विठल', आधारवर 'विठ्ठल', रेशनकार्डावर नुसते टोपणनाव. बाईच्या बाबतीत तर माहेरचे एक, सासरचे एक आणि पुढे 'बाई' लावलेले तिसरे. हे आमंत्रण येण्याच्या आधी सरळ करून घ्यावे, आमंत्रण आल्यावर वेळ उरत नाही. जन्मदाखला नाही म्हणून पूर्वी फार अडायचे. आता १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच जन्मदाखला सक्तीचा आहे, आधीच्यांना पॅनकार्ड, शाळेचा दाखला असा पुरावा चालतो. पासपोर्ट सेवा केंद्र ठाण्यातच आहे, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण शिक्षणाची. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. आखाती देशांसारख्या ठराविक देशांत नोकरीसाठी जायचे तर अशा माणसाला सरकारची वेगळी परवानगी लागते. कार्यक्रमासाठी म्हणून नेतो आणि तिथे हॉटेलात कामाला जुंपतो, असे प्रकार होतात, म्हणूनच हा नियम आहे. कुणी 'वादक' म्हणून भलतीच माणसे नेऊन तिकडे सोडून आले, असेही घडले आहे. त्यामुळे व्हिसाच्या खिडकीत खऱ्या वादकाकडेही संशयाने पाहिले जाते. ढोलकीवाल्याने आपल्या जुन्या कार्यक्रमांची हँडबिले, फोटो, कमिटीची पत्रे एका फायलीत ठेवावीत. खिडकीत तीच उपयोगी पडतात.

नगरपालिका-महानगरपालिकेत, परिवहनमध्ये, रेल्वेत नोकरी करणारे आपले कितीतरी कलावंत आहेत. दिवसा झाडू, रात्री ढोलकी. त्यांना परदेशी जायला खात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती साहेबाच्या टेबलावर पडून राहते. आमच्या माहितीतल्या एका गायकाची परवानगी विमान सुटल्यावर चौथ्या दिवशी हातात पडली. अर्ज दोन महिने आधी द्या आणि पोच घ्या.

वाद्यांचे तर फारच सांभाळायचे असते. डिमडीला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. घोरपड ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तशी डिमडी बाळगणेच गुन्हा, विमानतळावर नेणे म्हणजे पोलिसांच्या हाती आपण होऊन जाणे. बकऱ्याच्या कातड्याची किंवा फायबरची घ्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत कातड्याचे कोणतेही वाद्य उतरताच कस्टमला सांगावे लागते, लपवले तर दंड होतो. बाहेरची थंडी आणि हॉलमधला हीटर यांत ढोलकीची पुडी कधी ताणते, कधी उतरते. म्हणून जास्तीची पुडी, दोरी, हातोडी सामानात टाकलेली बरी. हातोडी हातातल्या बॅगेत नको, तिथे काढून घेतात.

पैशाची बोली कागदावर करा. तिकीट कुणाचे, विमा कुणाचा, रोजचा भत्ता किती, कार्यक्रम रद्द झाला तर काय, आणि कोरसच्या बायांना किती. हे शेवटचे मुद्दाम लिहितो आहोत. मुख्य गायकाला बिदागी, ढोलकीला ठरलेले आणि कोरसला 'फिरायला मिळालं ना' असे म्हणून शाल, हा प्रकार आम्ही ऐकला आहे. फिरणे हे मानधन नव्हे. आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, संयोजकाच्याही नाही आणि गायकाच्याही नाही.

मागे राहिलेल्या घरचे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. १९८३ मध्ये परदेशातून बातमी यायची ती पत्राने किंवा तारेने. ट्रंककॉल महाग, आणि फोन शेजारच्या दुकानात. नवरा बक्षीस जिंकून आला हे बायकोला आधी कळायचे की वर्तमानपत्राला, हाही प्रश्नच. आज व्हिडिओ कॉल आहे, पण पंधरा दिवस रोजंदारी बुडते आणि पोरांची फी थांबत नाही. कोरसला जाणाऱ्या बाईला तर "मुलांना कुणावर टाकून चाललीस" हे ऐकावेच लागते. तेच तिच्या नवऱ्याला कुणी विचारत नाही.

उमपांनी कॉर्कचे बक्षीस आणल्यावरही पुढची सत्तावीस वर्षे वस्त्यांतले, गल्लीतले, जयंतीचे कार्यक्रम सोडले नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवर, एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या कार्यक्रमात, ते रंगमंचावरच कोसळले आणि गेले. वय ७९. आता त्यांचे चिरंजीव नंदेश उमप ते गाणे पुढे चालवतात.

वाचकहो, एक मागणे आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगरच्या घरांत अशा दौऱ्यांवर गेलेले वादक, कोरसवाले आहेत किंवा त्यांची मुले-सुना आहेत. तुमच्या ट्रंकेत जुने पासपोर्ट, विमानाची तिकिटे, हँडबिले, रंगमंचावरचे फोटो असतील. ते लॅमिनेट करू नका, त्याने फोटो खराब होतो. कागदी पाकिटात ठेवा. फोटोत कोण कोण आहे त्यांची नावे मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. मधल्या शाहिराचे नाव सगळ्यांना माहीत असते. कडेला डफ धरून उभा असलेला कोण, ते लिहा, आणि साल.